पाच वाजताची शिट्टी

शिबिराच्या माहितीपत्रकात सोबत आणायच्या वस्तूंची यादी असते. ताट, वाटी, भांडं, अंथरूण-पांघरूण, विजेरी, टोपी, श्रमदानासाठी जुना सदरा. दादा त्या यादीत नसतात, कारण दादा आधीच तिथे पोचलेले असतात. कोकणातल्या हायस्कुलाला विहीर असते, घंटा असते, पावसाने पोपडे धरलेला फळा असतो, तसे मे महिन्यात दादा असतात. हेडमास्तर तेवढे दिवस स्वतःच्याच शाळेत पाहुण्यासारखे वावरतात आणि चहा मिळेल का, असं दबक्या आवाजात विचारतात.

असे दादा महाराष्ट्रात बरेच आहेत. कुणी सेवा दलातून आलेले, कुणी स्काउटमधून, कुणी डोंगर चढता चढता इकडे वळलेले. गाणी वेगळी, प्रार्थना वेगळ्या, गळ्यातली शिट्टी मात्र एकच. माझ्या वाट्याला आलेले दादा दापोली तालुक्यातले. १९८६च्या मे महिन्यात मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. दहावीची परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता, आवाज फुटला होता, आणि घरात माझं काय करावं हे कुणालाच सुचत नव्हतं. वडील म्हणाले, "आठवडाभर जाऊन ये. जरा माणसांत येशील."

एसटीतून उतरलो तर फाट्यावर दादा उभे. खाकी अर्धी विजार, खादीचा सदरा, खांद्याला शबनम. पोस्टात नोकरी, वय सत्तावीस. आम्हाला ते पन्नाशीचे वाटले. आता ते सहासष्टचे आहेत आणि पन्नाशीचेच वाटतात, तेव्हा मधल्या काळात वय फक्त आमचंच झालं असावं.

त्या शबनममध्ये सुतळी, सेफ्टी पिना, आयोडेक्स, मीठ-साखरेची पुडी आणि कैलास जीवनचा डबा असे. उन्हाने पोळलं, कैलास जीवन. मुंगळा चावला, कैलास जीवन. एका मुलाचा दात दुखत होता, त्यालाही दादांनी गालावरून कैलास जीवन लावलं आणि दात थांबला, म्हणजे तसं त्याने सांगितलं, कारण पुढचा उपाय आयोडेक्सचा होता.

आल्या आल्या दादांनी सगळ्यांच्या पिशव्या उघडायला लावल्या आणि खाऊ जमा केला. १९६९ साली चौदा बँकांचं झालं, तसं माझ्या आईच्या बेसनाच्या लाडवांचं राष्ट्रीयीकरण झालं. "इथे माझं-तुझं नाही," दादा म्हणाले. पुढे मी राष्ट्रीयीकृत बँकेतच चिकटलो, पण त्या दिवशी माझी सहानुभूती पूर्णपणे जुन्या मालकांकडे होती. लाडू पहिल्याच संध्याकाळी वाटले गेले. मला अर्धा आला.

शिबिराचा कारभार शिट्टीवर चाले. एक लांब म्हणजे उठा, दोन आखूड म्हणजे ओळीत या, तीन आखूड म्हणजे पंगत. तीन आखूडांना कुणी चुकल्याचं मला आठवत नाही. लांब शिट्टी पहाटे पाचला. "उठा रे, सूर्य डोक्यावर आला!" अशी आरोळी देत दादा वर्गात शिरत. सूर्य उगवायला चांगला तासभर असे. वर्गात बाकं भिंतीला लावून सतरंज्या टाकलेल्या, त्यांवर तीस पोरं आडवी, आणि त्यांच्यामधून दादा कंदील घेऊन, एकाही पायावर पाय न देता चालत जात. हे कौशल्य नंतर मी फक्त रेल्वेच्या जनरल डब्यातल्या चहावाल्याकडे पाहिलं.

दादांचं मूळ सोमनाथला. बाबा आमट्यांनी १९६७ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. अठराव्या वर्षी दादा तिथे आठवडाभर कुदळ मारून आले आणि ती कुदळ त्यांनी पुन्हा खाली ठेवलीच नाही. पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे बाबांना बसता येत नसे. ते उभे तरी असत, नाहीतर आडवे. दादांच्या कण्याला काडीचाही त्रास नाही, पण त्यांनी शिबिरात बसायचं सोडलं. जेवायचे उभ्याने, बोलायचे उभ्याने. परिणामी त्यांच्यासमोर कुणालाच निवांत बसता येत नसे. गुरूची विद्या उतरवणं कठीण, सवय उतरवणं सोपं, असं आपल्याकडे पुष्कळ वेळा होतं.

श्रमदानाला दरवर्षी एकच काम. शाळेपासून खालच्या विहिरीपर्यंतची पाखाडी दुरुस्त करायची. पाखाडी म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांची पायऱ्यापायऱ्यांची वाट. मे महिन्यात आम्ही ती बसवायची, जुलैत पावसाने ती हलवायची, पुढच्या मे महिन्यात पुढच्या तुकडीने पुन्हा बसवायची. एका पुणेकर मुलाने विचारलं, "दादा, एकदाच सिमेंटने पक्की का नाही करत?"

दादा इतके गप्प झाले की आम्हाला त्या मुलाची काळजी वाटली. मग म्हणाले, "आणि पुढच्या वर्षीच्या पोरांनी काय करायचं?"

जांभ्यात खड्डा खणणं हा प्रकार ज्यांनी केला नाही त्यांना सांगून कळणार नाही. पहार मारली की ती हाताला झिणझिण्या देऊन परत येते. माती लाल, घाम लाल, संध्याकाळी विहिरीवर धुतलेले पंचेही लाल. मुलांनीही स्वयंपाकघरात राबायचं असा दादांचा नियम होता. १९८६ साली आमच्या घरांत तो ऐकला असता तर आज्यांनी शिबिरच बंद पाडलं असतं. माझी पहिली भाकरी वहिनींनी उलटसुलट पाहिली, बोटाने वाजवली आणि म्हणाल्या, "ही पाखाडीला दे."

वहिनी म्हणजे दादांच्या पत्नी. लग्न ११ मेला आणि शिबिर १४ मेपासून, अशी त्यांच्या संसाराची सुरुवात. दादांची सगळी अर्जित रजा शिबिराला राखीव, त्यातून लग्नासाठी तीन दिवस काढले होते. नवी नवरी हळदीच्या हातांनी शिबिराच्या कोठीघरात शिरली आणि तिथली किल्ली अजून तिच्याच कमरेला आहे. दादांना सगळे दादा म्हणतात, पण पोहे किती भिजवायचे हे वहिनी ठरवतात. शिबिर दुसऱ्या दिवशीच का मोडत नाही, याचं खरं उत्तर मला तरी त्या कोठीघरातच सापडतं.

अकरा वाजता बौद्धिक. विषय दरवर्षी तोच: मोठं होणं म्हणजे काय? दादा फळ्यावर आकडे लिहीत. सोळाव्या वर्षी बिनगिअरच्या गाडीचा परवाना. अठराव्या वर्षी मुलीचं लग्न. एकविसाव्या वर्षी मुलाचं लग्न आणि मतदान. पंचविसाव्या वर्षी आमदार-खासदार, तिसाव्या वर्षी राज्यसभा, पस्तिसाव्या वर्षी राष्ट्रपती. "म्हणजे सरकारच्या मते माणूस हप्त्याहप्त्याने मोठा होतो," असं म्हणून दादा खडू खाली ठेवत. एका मुलाने हरकत घेतली, "मुली अठराव्या वर्षी आणि आम्ही एकविसाव्या, हे का?" दादा म्हणाले, "तुम्हाला तयार व्हायला वेळ लागतो म्हणून." मुलींच्या बाजूने टाळ्या. चिपळूणच्या एका मुलीने विचारलं, "दादा, शिबिरप्रमुखाचं निवृत्तीचं वय किती?" ते फळ्यावर नव्हतं. दादांनी फळा पुसला.

१९८९ साली ६१वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि मतदानाचं वय एकविसावरून अठरावर आलं. ही बातमी दादांनी मनाला लावून घेतली. पंधरा वर्षांच्या पोरांना नागरिक करायला त्यांच्या हिशेबाने सहा वर्षं होती, ती दिल्लीने त्यांना न विचारता तीनवर आणली. काम तेवढंच, वेळ निम्मा. दादांनी त्याला एकच उत्तर दिलं. पुढच्या वर्षीपासून शिबिर सात दिवसांचं आठ दिवसांचं झालं.

बौद्धिकातलं आणखी काही माझ्या लक्षात नाही. त्या आठवड्यात दादा रोज तासभर बोलले असतील. उरलं काय, तर फळ्यावरचे आकडे आणि मागच्या बाकावरून फिरणारी एक चिठ्ठी. तीत लिहिलं होतं, "जेवणात आज फणसाची भाजी."

एक विषय मात्र दादांना अजिबात झेपत नसे. वयात येणं. आमच्या वेळी त्यांनी एक जास्वंदीचं फूल आणलं. हे पुंकेसर, हे स्त्रीकेसर, इथवर आले, कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि म्हणाले, "बाकीचं मधमाशी करते." संपलं. आम्ही कित्येक दिवस मधमाशीकडे आदराने बघत होतो. पुढे गडचिरोलीत डॉ. राणी बंग तारुण्यभान शिबिरांतून हेच विषय पोरांशी मोकळेपणाने बोलतात, हे दादांच्या कानावर आलं. लाज वाटली तरी ज्याला येतं त्याच्या हाती खडू द्यायची बुद्धी त्यांच्याकडे होती. तेव्हापासून दापोलीहून एक डॉक्टरीणबाई येऊ लागल्या आणि त्यांनी प्रश्नपेटी आणली. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. चिठ्ठ्या अशा येत: मिशीला काही लावलं तर लवकर येते का? आवाज फुटतो तो नंतर जुळतो का? मुलगी आवडली तर आधी तिला सांगायचं की आईला? एकदा चिठ्ठी निघाली, "पहाटे पाचला उठल्याने उंची वाढते का?" दादा कोपऱ्यातून म्हणाले, "हो." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाही." आख्खं शिबिर दादांकडे बघत होतं. दादांनी शिट्टी वाजवली. तीन आखूड. जेवायला अजून पाऊण तास होता.

रात्री करमणुकीचा कार्यक्रम. कुणी नकला करी, कुणी पेटीवर चुकीचे सूर धरी. निळू फुले आणि राम नगरकर सेवा दलाच्या कलापथकातून आले, ही गोष्ट दादांना कोण जाणे किती वेळा उपयोगी पडली असेल. मी हेडमास्तरांची नक्कल केली, ते समोरच चहा पीत बसले होते. दादा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "निळूभाऊ असेच तयार झाले." तीन वर्षं मी त्या थापेवर जगलो. मग बँकेची परीक्षा दिली.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकदोघांना घरची आठवण येई. पंधरा वर्षांचा मुलगा, नाकाखाली लव आलेली, तो काय रडणार? पण गळ्याशी येतंच. दादांनी अशा वेळी कधी कुणाच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. ते त्या मुलाचं नाव घेऊन ओरडत, "ए, कोठीघरात जा, वहिनींना कांदे चिरून दे." दोन किलो कांदे. डोळ्यांतून धारा, आणि कुणी विचारायची सोय नाही. मी दुसऱ्या दिवशी दुपारी कांदे चिरले. शेजारी रत्नागिरीचा एक दांडगा गटप्रमुख आधीच चिरत बसला होता.

दिवे दहाला बंद. मुलांचा वर्ग व्हरांड्याच्या एका टोकाला, मुलींचा दुसऱ्या टोकाला, तिथे वहिनी, आणि बरोबर मध्ये दादांची खाट. दहा वाजून दहा मिनिटांनी दादा घोरायला लागत. आधी एक दमदार उचल, मग बारीक शीळ, मग एकदम शांतता. त्या शांततेत आम्ही श्वास धरून पडलेलो असू. आणि मग पुन्हा घाट चढणारी एसटी सुरू. एसटी घाटात आहे तोवर धोका नाही, हे पहिल्याच रात्री सगळ्यांना कळलं. विजेऱ्या चादरीखाली पेटत, डोकी जवळ येत. एक पहारेकरी फक्त आवाजाकडे कान देऊन बसे.

त्या अंधारात काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. मधमाशीचा विषय निघालाच. कुणाच्या घरी आई-वडील बोलत नाहीत, कुणाला शास्त्र शाखा नको आहे आणि घरी सांगायची हिंमत नाही, असं एकेक बाहेर येत गेलं. आमच्या गटात एक मुलगा लालबागचा होता, म्हणजे आधी लालबागचा. १९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यात त्याच्या वडिलांची गिरणी गेली ती गेलीच, आणि बिऱ्हाड खेडजवळच्या गावी परत आलं. आम्ही कारकुनांची पोरं सायन्स की कॉमर्स यावर तावातावाने भांडत होतो. तो म्हणाला, "मी अकरावीला जाणार नाहीये. खेडला भुसार दुकानात बोलणं झालंय. एक तारखेपासून."

कुणाला काही बोलता येईना. आपल्याएवढाच मुलगा, दुपारी आपल्याशी विषामृत खेळलेला, आणि एक तारखेपासून कामावर. आमच्या गप्पा एकदम पोरकट वाटायला लागल्या. नेमकं तेव्हाच बाहेरचं घोरणंही थांबलं. आम्ही गार. बराच वेळ काहीच नाही. मग एक खोकला आला, खाट करकरली, आणि घोरणं पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा मोठ्याने.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी कामं बदलली. त्या मुलाला पाखाडीवरून काढून कोठीघराच्या वहीवर बसवलं. डाळ किती आली, किती उरली, रोजमेळ कसा मांडायचा, वहिनी त्याला शिकवत होत्या. आम्हाला हेवा वाटला, कारण कोठीघरात सावली होती.

शेवटच्या रात्री शेकोटी. दादांच्या वेळापत्रकात "९.४५ ते १०.०० : निरोप" असं छापलेलं असे. रडायला पंधरा मिनिटं, कारण सकाळी सव्वासहाची गाडी. पावणेदहाला मुली रडायला लागत, पाच मिनिटांनी मुलगे, आणि दहाला शिट्टी. एक लांब. ती उठायची शिट्टी, झोपायला कशी चालेल, हे विचारायचं तेव्हा कुणाला सुचलं नाही.

आता माझी लेक जाते. सध्या खाऊबरोबर मोबाइलही जमा होतात. बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे, त्यात. गेल्या वर्षी पहाटे साडेचारला त्यातल्या अकरा मोबाइलांचे गजर एकामागून एक वाजले, किल्ली वहिनींकडे, वहिनी विहिरीवर, आणि तासभर त्या डब्यातून गाणी येत राहिली. दादांच्या शिट्टीला पहिल्यांदाच स्पर्धा झाली. पालकांचा व्हॉट्सअ‍ॅपवर गट आहे. तिथे "मुलांनी जेवण केलं का", "फोटो टाका", "आमच्या आर्यनला दूध लागतं" असं दिवसभर चालतं. दादांकडे बटणाचा फोन आहे, त्यामुळे ते या सगळ्यापासून मुक्त आहेत. एका आईने थेट त्यांनाच फोन लावून मुलगा काय करतोय असं विचारलं. दादा म्हणाले, "कांदे चिरतोय."

लेकीला न्यायला मी गेलो तेव्हा पाखाडी नुकतीच बसवून झाली होती. कोठीघरात तांदळाच्या गोण्या रचलेल्या. त्या खेडहून येतात, त्या मुलाच्या दुकानातून. दुकान आता त्याचंच आहे. बिल यायचं बरीच वर्षं झाली बंद आहे, वहिनींनी पुष्कळदा मागून पाहिलं.

मी लेकीला विचारलं, "दादा अजून घोरतात का गं?"

"किती, बाबा! पार मुलींच्या खोलीपर्यंत येतं. पण बरं पडतं आम्हाला," असं म्हणून तिने जीभ चावली.

वहिनी ताक घुसळत होत्या. म्हणाल्या, "घरी तर कधी ऐकलं नाही बाई. चाळीस वर्षं झाली. घरी हे मांजरासारखे झोपतात."

दादा बाहेर पहारी मोजत होते. मी जाऊन सरळ विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पहारी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या आणि म्हणाले, "घरात हवा खेळती नाही. मोकळ्या हवेत लागतं मला." मग शिट्टी तोंडात धरली, म्हणजे आणखी काही विचारायची सोय राहिली नाही.

तेव्हा येत्या मे महिन्यात तुमचं पोर अशा एखाद्या शिबिराला जाणार असेल, तर माहितीपत्रकातली यादी नीट पाहून सामान भरा. लाडू देऊ नका, अर्धाच मिळतो. विजेरी मात्र द्या, आणि तिच्यात सेल नवे घाला.